गळ्याची रजा

आमच्या शाळेची मागची भिंत आणि पॉवरलूमच्या कारखान्याची पुढची भिंत एकच आहे. ती आधी कोणी बांधली यावर दोन्ही बाजूंची मतं वेगळी आहेत, पण आवाज सगळा एकाच बाजूने येतो. आमची प्रार्थना सुरू होते तेव्हा पलीकडे चोवीस माग केव्हाचे खटखटत असतात. बुऱ्हाणपुरात याचं कोणाला नवल नाही. अर्धं गाव त्या आवाजात जेवतं, भांडतं आणि झोपतं. फक्त शिकवायचं असेल तर मागांच्या वरचा आवाज लागतो, आणि तो माझ्याकडे होता.

सहावीच्या वर्गात मी त्रिकोणाचे प्रकार शिकवले की आठवीची उजळणी आपोआप होऊन जायची. अडचण एवढीच, की मध्येच लाइट जायची. लाइट गेली की चोवीस माग एका दमात थांबत आणि माझा आवाज त्याच पट्टीत पुढे चालू राही. एकदा मधल्या सुट्टीत मी शेजारच्या वर्गातल्या बाईंना आमच्या हेडबाईंविषयी काही सांगत होते. आमच्याकडे कानात सांगायचं तरी ओरडूनच सांगावं लागतं. नेमकी लाइट गेली, आणि "...त्यांना स्वतःला तरी भागाकार येतो का विचारा" एवढं वाक्य हेडबाईंनी आपल्या खुर्चीत बसून, हातातला चहा न सांडता ऐकलं. त्या वर्षी मध्यान्ह भोजनाचं सगळं काम माझ्याकडे आलं.

तसं इतरही बरंच माझ्याकडे होतं. मतदार याद्या, घरोघरची मोजणी, पोरांचे आयडी जुळवणं, स्नेहसंमेलन, पाहुण्यांसमोर स्वागतगीत. मला नाही म्हणता येत नव्हतं आणि रजा घेणं कमीपणाचं वाटत होतं. सव्वीस वर्षांत बाळंतपण सोडलं तर मी रजा घेतलेली नाही. तापात गेले, पाय मुरगळला तेव्हा रिक्षाने गेले, नणंदेच्या लग्नात हळदीच्या हातांनी हजेरी घेऊन परत मांडवात आले. दरवर्षी माझ्या रजा वाया जात आणि मी ते बक्षीस मिळाल्यासारखं सगळ्यांना सांगत फिरे. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागला तेव्हा त्यालाही मी चिवड्याच्या डब्याबरोबर रजा न घेण्याचा हाच उपदेश बांधून दिला.

मागच्या हिवाळ्यात गळा बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग मधूनच शिट्टी वाजू लागली. शिट्टी वाजली की पोरं हसत, पोरं हसली की मी ओरडे, आणि ओरडलं की पुन्हा शिट्टी वाजे. हळद झाली, ज्येष्ठमध झालं, मिरे चघळून झाले. घशाला आराम द्यावा असं मात्र माझ्या डोक्यातही आलं नाही. एका सकाळी हजेरी घेताना सोळावा नंबर पुकारायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. बाई आज बोलण्यापलीकडे चिडल्यात असं पोरांना वाटलं, आणि माझा वर्ग पहिल्यांदाच चिडीचूप बसला.

नवरा मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. हा माझा नवरा कचेरीत कारकून आहे आणि त्याचा स्वभाव इतका शांत, की लग्नात माझ्या मावशीने त्याला ऐकू येतं ना, अशी चौकशी केली होती. डॉक्टरांनी घशात नळी घालून पडद्यावर माझा गळा दाखवला. दोन्ही स्वरतंतूंवर तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या.

"मॅडम, तीन हफ्ते एकदम मौन," डॉक्टर म्हणाले. "फुसफुसाना भी नहीं, उससे और बिगड़ेगा. खाकरना नहीं, गुनगुनाना नहीं."

म्हणजे कुजबुजसुद्धा बंद. नवऱ्याने विचारलं, नाही जमलं तर?

"तो ऑपरेशन. और उसके बाद भी आवाज लौटेगी, इसकी गॅरंटी मैं नहीं देता."

निवृत्तीला नऊ वर्षं होती. फळा पुसायला आणि घंटा वाजवायला आवाज लागत नाही, पण बाई म्हणून वर्गात उभं राहायला लागतो. गाडीवर मागे बसून मी घरापर्यंत रडले, आणि रडतानाही आवाज करायचा नाही म्हणून तोंडात पदर धरून.

रजेचा अर्ज घेऊन आम्ही शाळेत गेलो तेव्हा हेडबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आलीय बाई, तुम्ही नसताना शाळेचं कसं व्हायचं?" खरं सांगते, एवढ्या दुःखातही हे ऐकून मला गुदगुल्या झाल्या. मी बोलण्याऐवजी बरोबर घेतलेल्या पाटीवर लिहिलं, "मी येते, नुसती बसते." नवऱ्याने पाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या बगलेत धरली. तीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्या हातातून काही काढून घेण्याची ती पहिलीच वेळ होती.

पहिल्या दिवशी मी विचार केला, गळा बंद आहे, हात तर मोकळे आहेत. म्हणून स्वयंपाकघरातले डबे घासायला काढले. अर्ध्या तासात लक्षात आलं, मला बडबडल्याशिवाय डबासुद्धा घासता येत नाही. झाकण बसलं नाही की झाकणाला बोलायचं, तळाला डाळ चिकटली की डाळीच्या खानदानाचा उद्धार करायचा, अशी माझी कामाची पद्धत. तोंडाचा पट्टा थांबला तसे हातही थांबले. मग आडवी झाले. पण दिवसाढवळ्या आडवं व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं हेच मला माहीत नव्हतं. डोळे मिटले की कोणीतरी दारातून बघतंय असं वाटे. दार लावून घेतलं, तर दार लावून झोपल्याची लाज वाटे. दर दहा मिनिटांनी उठून मी घड्याळ पाहत होते. आता तिसरा तास, आता गणित.

दुसरीकडे नवऱ्याला कंठ फुटला. जेवताना मी गप्प आहे हे दोन दिवसांत त्याच्या ध्यानात आलं आणि तो बोलू लागला. या माणसाची जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर मतं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. तापीवरच्या पुलापासून आमच्या भाजीतल्या मिठापर्यंत तो बोलला. मीठ म्हणे पंधरा वर्षांपासून जास्त पडत होतं. मी पाटीवर लिहिलं, "आधी का नाही सांगितलं?" त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "सांगत होतो. तुझं बोलणं संपायची वाट पाहत होतो."

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या काकू आल्या. काकूंचं माहेर तुकईथडचं, भावाची केळीची बाग आहे. काकूंच्या कानावर गेलेली गोष्ट आमच्या लोधीपुऱ्यात दवंडीपेक्षा लवकर पोचते. मी पलंगावर डोळे मिटून बसलेली, गळ्याला पांढरा रुमाल, समोर तांब्या. काकूंनी दारातूनच हात जोडले.

"व माय! मौन धरलं का बाई?"

मी मान हलवली. खरंच धरलं होतं.

"समजलं. पोराच्या लग्नासाठीच असन."

मी दोन्ही हातांनी नाही नाही केलं आणि पाटी ओढली, तर काकूंनी माझा हात धरला. "लिहू नका! लिहिलं तरी व्रत मोडते. कशासाठी धरलं हे सांगितलं तर फळच जाते निघून. आम्ही समजून घेऊ."

आणि त्यांनी समजून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या बायका येऊ लागल्या. कोणी नारळ आणला, कोणी मावा जिलेबी, काकूंनी भावाच्या बागेतला केळ्यांचा अख्खा घड आणून कोपऱ्यात टेकवला. डॉक्टरांचा कागद दाखवला तर तो त्यांनी कपाळाला लावून परत दिला. नवऱ्याने दोघीतिघींना समजावलं, "गळ्याचं दुखणं आहे हो." त्यावर काकू म्हणाल्या, "घरचा माणूस असंच सांगते, नजर लागू नये म्हणून." मग त्यानेही नाद सोडला आणि केळं सोललं.

या बायका आल्या की पाया पडत आणि मग बसत. बसल्या की बोलत. सुनेचं, गुडघ्याचं, दिराने घातलेल्या भिंतीचं. जिला उलटून बोलता येत नाही, मध्येच तोडता येत नाही आणि दुसरीकडे जाऊन सांगताही येत नाही, अशी बाई आळीत पहिल्यांदाच मिळाली होती. एकीने तर सांगून झाल्यावर, "बाईंनी फार छान सल्ला दिला," असं दारात दुसरीला सांगितलं. मी दुपारभर ऐकून थकून जाई. शाळेत निदान तास संपल्यावर घंटा व्हायची.

शेवटी नवव्या दिवशी मी खुणेनेच दाराला कडी लावायला सांगितलं आणि झोपले. तीन तास झोपले. उठले तेव्हा खांदे आपल्या जागी खाली आलेले वाटले. इतकी वर्षं ते कानांशी चढवून मी वावरत होते आणि लोक मला ताठ चालणारी बाई म्हणत होते. मी दमले होते. हे मला नववा दिवस उजाडेपर्यंत कळलं नव्हतं, आणि कळल्यावर इतकं वाईट वाटलं की मी पुन्हा झोपले.

त्याच संध्याकाळी हेडबाईंचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला. "बाईंना सांगा, अजिबात काळजी करू नका," हेडबाई म्हणाल्या. "त्यांच्या वर्गावर अतिथी शिक्षिका दिली आहे. तिचा आवाज बारीक आहे, म्हणून पोरं आपणच बाकं पुढे ओढून बसतात. सगळं छान चाललंय." माणसाला धीर देण्यासाठी बोललेलं वाक्य इतकं जिव्हारी लागू शकतं, हे मला तेव्हा समजलं. सगळं छान चाललंय! निदान एखादा पोरगा जिन्यावरून पडायचा होता. त्या रागात मी दोन केळी खाल्ली, आणि मग हळूहळू राग उतरला. छान चाललंय तर चालू दे, मीही झोपते, असं काहीतरी मनात आलं आणि माझी मलाच गंमत वाटली.

पंधराव्या दिवशी काकू पुन्हा आल्या. त्या दिवशी त्यांच्या हातात एका मुलीचा फोटो होता. रावेरची, बीएस्सी झालेली, त्यांच्या वहिनीच्या नात्यातली. काकूंनी तिच्या घराण्याची तीन पिढ्यांची माहिती दिली. जेवणाची वेळ टळून गेली होती, माझ्या पोटात कावळे ओरडत होते. काकूंनी विचारलं, "मग कळवू का त्यांले?" कळवा, काय कळवायचं ते कळवा, पण आता घरी जा, या अर्थाने मी एकदाच मान हलवली.

मौन धरलेल्या बाईने मान हलवली म्हणजे काय, हे मला दोन दिवसांनी कळलं.

दुपारी मी एकटीच होते. फोन वाजला, पुण्याहून मुलाचा. माझ्या गळ्याचं त्याला ठाऊक होतं. रोज तो बापाशीच बोलायचा. आज माझ्याच फोनवर केला होता. मी उचलून कानाला लावला.

"मम्मी, तू रावेरवाल्यांना हो म्हणाली? हद है यार! सकाळी त्या मुलीच्या पप्पांचा फोन आला, काकूंनी नंबर दिला म्हणे, मी मीटिंगमध्ये बसून राहिलो होतो. ते मला जावईबापू म्हणून राहिले! मम्मी, तुला माहीत आहे का माझं इकडे काय चालू आहे?"

एरवी इथपर्यंत तो येतच नसे. आमचे फोन असे असत: तो हॅलो म्हणे, मग मी नऊ मिनिटं बोले, मग तो बरं म्हणे. जेवलास का, उन्हात फिरू नकोस, साहेबांपुढे तोंड वर करू नकोस. त्या दिवशी तो थांबला, माझ्या नऊ मिनिटांची वाट पाहिली, आणि ती आली नाहीत.

"शादीचा विचार कसा करू मी?" तो हळू म्हणाला. "मला सकाळी उठून दात घासायचंसुद्धा टेन्शन येते. नींदच नाही लागत, चार महिने झाले. लॅपटॉप टिंग वाजला की हात कापतात. परवा ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो मम्मी. कोणी काही बोललंच नव्हतं, सच में. असाच रडलो."

माझ्या तोंडाशी चार वाक्यं तयार होती. सगळेच थकतात. रोज सकाळी लिंबूपाणी घे. आजकालच्या पोरांना सवयच नाही. आणि चौथं, माझं आवडतं, माझ्याकडे बघ. छातीतून हवा वर आली, तोंड उघडलं. एका शब्दाने गाठी फुटणार असतील तर फुटू देत, माझं लेकरू जिन्यात बसून रडलं होतं. मी बोलणारच होते.

"दिवाळीला सांगणार होतो," तो म्हणाला. "तीन वेळा किचनमध्ये आलो. पण तू तापात शाळेत गेली होती तेच सांगून राहिली होती. मग मला लाज वाटली. म्हटलं, मम्मीने सव्वीस साल सुट्टी नाही घेतली, आणि मी कोण सुट्टी मागणारा."

मी तोंड मिटलं. मला आठवलं, तो दिवाळीत तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी त्याच्या हातात काहीतरी दिलं होतं. एकदा शेवेचा सोऱ्या, एकदा कचऱ्याची पिशवी, एकदा काय ते आठवत नाही. त्या वेळी त्याचा चेहरा कसा होता, हे मला कितीही प्रयत्न केला तरी आठवेना. मी पदराचा बोळा करून दातांत धरला.

"मम्मी? आहे ना तू?"

मी बांगडी फोनवर दोनदा वाजवली.

मग तो बोलला. मधे थांबला, पुन्हा बोलला. चाळीस मिनिटं मी माझ्या मुलाचं बोलणं ऐकलं, आणि त्यातलं निम्मं मला समजलं नाही, पण ते सगळं त्याचं होतं. फोन ठेवल्यावर मी चष्मा लावून मेसेज लिहायला घेतला. माझे मेसेज लांबलचक असतात, शेवटी सुविचारही असतो. या वेळी मी तीनदा लिहून तीनदा पुसलं आणि एवढंच पाठवलं: "सुट्टी मागून घे. घरी ये."

तो विसाव्या दिवशी सकाळच्या गाडीने आला. गालांची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. मी त्याला जवळ घेतलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वरणभात खाऊन तो माझ्याच पलंगावर आडवा झाला. संध्याकाळी झोपलेला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी झोपलेला होता. नवरा दोनदा जाऊन त्याचा श्वास चालू आहे का ते पाहून आला. मी चारदा.

एकविसावा दिवस पुरा झाला तसे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पडद्यावर गाठी निम्म्याहून लहान दिसत होत्या. "बहुत बढ़िया," डॉक्टर म्हणाले. दिवसाला दहा मिनिटं बोलायची, तीही हळू आवाजात, अशी मला परवानगी मिळाली. आणखी महिनाभर रजा लिहून देऊ का, असं त्यांनी भीत भीतच विचारलं. मी मान हलवली, आणि या वेळी हो म्हणायलाच हलवली. नवऱ्याने मला विचारलं, काही बोलून पाहतेस का. मी नको म्हणून खूण केली. दहा मिनिटं होती, ती वाटेत गाडीवर उधळायची नव्हती.

घरी येऊन मी पायरीवर भाजी निवडत बसले. आत मुलगा झोपलेला. तेवढ्यात समोरून काकू निघाल्या, मागे रावेरची मंडळी, सहाजण, हातात पेढ्यांचा बॉक्स. आळीच्या मध्यातूनच काकूंनी हाक दिली.

"बाई व! व्रत फळलं तुमचं! पोरगा आला म्हणे! उठवा त्याले, पाहुणे आले!"

मी भाजी बाजूला ठेवली, उठले आणि दारात आडवी उभी राहिले. तोंड उघडलं. आवाज आला, बारीक, थोडा खरखरीत, माझा मलाच अनोळखी.

"हळू बोला," मी म्हणाले. "पोरगं दमलंय. झोपू द्या त्याला."

काकूंनी दचकून तोंडावर हात ठेवला. मग मागे वळून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, स्वतःच्या चपला काढून हातात घेतल्या, आणि सगळ्या रावेरकरांना खुणेनेच आल्या पावली परत फिरवलं.